मुरत घातलेल्या वाईनचं तोंड गच्च बंद करायचं की दादरा पुरे?

रंकाळाकाठ
जांभळाचा हंगाम सरला की आमच्या ग्रुपात हाच वाद पेटतो. निम्मे लोक चिनीमातीच्या बरणीला कापडाचा दादरा बांधून मोकळे. म्हणे लोणचं मुरतं तशीच हीही मुरेल. अहो, लोणच्याला मीठ आणि तेल राखतं. वाईनला कोण राखणार?

पहिला आठवडा-दहा दिवस कापड ठीक आहे. यीस्टला सुरुवातीला हवा लागते, साली आणि गर वर तरंगतात, ते रोज खाली दाबावे लागतात. शिवाय आतून गॅस एवढा उसळत असतो की बाहेरची हवा आत शिरायची नाही. खरा धोका गॅस थांबल्यावर. मग बरणीतल्या रिकाम्या जागेत हवा भरते. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करायला ऑक्सिजनच लागतो, आणि त्यांना घेऊन यायला जांभळाच्या वासावर चिलटं टपलेलीच असतात. विरळ कापडातून ती सहज आत जातात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाळून झाली की अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायची आणि झाकण गच्च लावायचं. रुंद तोंडाची बरणी मुरवायला बादच.

उजळाईवाडीकर
भावा, पहिलं निम्मं पटलं. पण 'गच्च झाकण' म्हणून जे सांगितलंस, ते वाचून कुणाच्या तरी माळ्यावर धमाका होणार.

बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असं नाही. डिसेंबरच्या गारठ्यात यीस्ट मंदावतं, कधी मध्येच अडकतं. तू तेव्हा झाकण आवळलंस, आणि मार्च-एप्रिलमध्ये पारा ३७-३८ वर गेला की ते परत जागं होतं. हिशेब सांगतो. शॅम्पेन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात, त्यातून ६ वातावरणांच्या, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या सहापटीच्या आसपास दाब तयार होतो. म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, चहाचा एक चमचा साखर जरी शिल्लक राहिली, तरी साधारण १ वातावरणाचा दाब वाढतो. शॅम्पेनची बाटली त्या दाबासाठीच जाड करतात. तुझी सरबताची बाटली कशासाठी केलीय?

त्यामुळं मुरवतानासुद्धा एअरलॉकच, म्हणजे आतला गॅस पाण्यातून बाहेर सोडणारं पण बाहेरची हवा आत न घेणारं झाकण. विकतचा नको असेल तर झाकणाला भोक पाडून नवी सलाईनची नळी घालायची, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. नळीभोवती मेण. कणकेनं लिंपू नका, वाळून तडकते आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

भवानी मंडप
दोघंही हवेला इतके का भिता? जगातली नावाजलेली वाईन लाकडी पिंपात मुरते, आणि लाकूड श्वास घेतं. १८६६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं वाईनवर पुस्तक लिहिलं, त्यात वाईन ऑक्सिजनमुळंच मुरते असं दाखवलंय. काचेच्या नळ्यांत वाईन सील केली, काही काठोकाठ भरलेल्या, काहींत थोडी हवा ठेवलेली. हवेच्या नळ्यांत रंग बदलला, वाईन जुनी झाली. भरलेल्या होत्या तशाच राहिल्या. जांभळाचा तुरटपणा मऊ व्हायला थोडी हवा पाहिजेच. गच्च बंद करून तुम्ही मुरवत नाही, नुसती साठवताय.

रंकाळाकाठ
पाश्चर दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, साहेब. वाईन आंबट करणारे जिवाणू हवेवर जगतात हेही त्यानंच दाखवलं. आणि त्या नळ्याही सीलच होत्या, उघड्या नव्हत्या. थोडी मोजकी हवा वेगळी, आणि बरणीभर रोज नवी हवा वेगळी.

पिंपाचंही अर्धंच सांगितलंत. फ्रान्समधल्या बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं, त्यातून वाईन उडते, म्हणून ठरावीक दिवसांनी ते वरून भरून घेतात. रिकामी जागा ते लोकही राहू देत नाहीत. आपल्या ५ लिटरच्या बरणीत वाईन कमी आणि हवेला उघडा पृष्ठभाग त्या मानानं कितीतरी जास्त. तुरटपणासाठी लागते तेवढी हवा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना मिळून जाते.

वसईची सून
दादऱ्याला एवढी नावं ठेवू नका. माझं माहेर वसईचं, सासर राजारामपुरीत. आमच्याकडं नाताळची वाईन मनुका, गहू, साखर घालून बरणीतच होते. कापड बांधायचं, रोज लाकडी चमच्यानं ढवळायचं, २१ दिवसांनी गाळायची. आजवर आंबट झालेली कुणी ऐकली नाही.

उजळाईवाडीकर
ताई, गाळल्यावर कशात भरता?

वसईची सून
बाटल्यांत. बुचं लावून.

रंकाळाकाठ
म्हणजे २१ दिवस आंबवायचे, मुरते ती बंद बाटलीतच! ताई माझ्याच बाजूच्या निघाल्या.

वसईची सून
बाजूच्या नाही. पहिला महिना बूच हलकंच बसवतो आम्ही. आई रोज बोटानं दाबून बघायची, वर आलं की सोडून परत बसवायची. एवढी माया करायला वेळ असेल तर एअरलॉक कशाला?

वकीलवाडा
रंगात आलेल्या चर्चेत माती कालवतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, विकली नाही तरी. तेवढं ध्यानात ठेवून फोटो टाका.

भवानी मंडप
म्हणून तर मी फोटो टाकत नाही.

रंकाळाकाठ
@उजळाईवाडीकर, एअरलॉकचं कौतुक पुरे. एप्रिलात त्यातलं पाणी आटतं, माळ्यावर कोण बघायला जातं? आटलेला एअरलॉक म्हणजे उघडं भोकच. आणि रात्री गार पडलं की पाणी उलटं आत ओढलं जातं, चिलटं पडलेलं असलं तर त्याच्यासकट.

उजळाईवाडीकर
साधं पाणी घालतोस म्हणून. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) टाक, स्क्वॅश करणारे टिकवायला वापरतात तेच. आटतं म्हणतोस तर पंधरवड्यातून एकदा माळ्यावर चढ, व्यायाम होईल.

वाईनमध्येही केएमएस घालता येतं. १० लिटरला १ ग्रॅमच्या आतच, काट्यावर मोजून, अंदाजपंचे नको. दम्याचा त्रास असणाऱ्या काहींना सल्फाइट सोसत नाही, घरात कुणी असेल तर घालूच नका.

आणि झाकणच आवळायचं असेल तर आधी हायड्रोमीटर लाव, वाईनची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी; साध्या पाण्यात ती १ दाखवते, साखर असली की जास्त. आकडा १ च्या खाली, ०.९९५ च्या आसपास आला आणि आठवडाभर हलला नाही, तर खुशाल आवळ. मग मी अडवणार नाही. नुसत्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवून आवळणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

रंकाळाकाठ
हायड्रोमीटरचं मान्य, पण त्यानंतर गच्चच. एअरलॉक काढून.

भवानी मंडप
आणि बाटली गळ्यापर्यंत भरायला वाईन पुरली नाही तर? गाळ काढला की दरवेळी लिटरभर कमी होते.

रंकाळाकाठ
लहान बाटलीत ओता. किंवा काचेच्या गोट्या उकळून आत सोडा, पातळी गळ्यापर्यंत चढते. पोरांच्या खेळातल्या नकोत, नव्या घ्या.

भवानी मंडप
गोट्या मिळतील हो महाद्वार रोडला. तरी माझी एक बाटली निम्मी भरलेलीच ठेवणार. फुटणार नाही इतपत झाकण सैल. दिवाळीला तुमची गच्च आणि माझी निम्मी, दोन्ही ओतू, चव घेऊन मग बोला.

वसईची सून
निम्म्या बाटलीचं काय होईल ते सांगते. पांढरी साय धरेल वरती. तेव्हा फेकू नका, आंबट झाली असली तर व्हिनेगर घालून करतात त्या विंदालूला द्या माझ्याकडं.