‘एम्बॉडिड’ला मराठीत काय म्हणावं? आणि कृती ‘ओळखणे’ की ‘ताडणे’?

प्रश्न : संगणकात घडवलेल्या आभासी प्राण्यांना दुसऱ्याची कृती ओळखायला कसं शिकवतात, यावर टिपण लिहिते आहे. ‘एम्बॉडिड एआय’ला ‘मूर्त कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ‘मूर्त’ नको. दगडही मूर्तच असतो. इथे शरीर हलवून त्यातून शिकणं महत्त्वाचं आहे. ‘सदेह’ म्हटलं की तुकोबांचं वैकुंठगमन आठवतं. ‘देहधारी’ बरा. संगणक-चित्रणातले संशोधक कार्ल सिम्स यांनी १९९४मध्ये ठोकळ्यांचे जीव संगणकात उत्क्रांत केले. ते पोहायला, चालायला, उड्या मारायला लागले. त्यांचं शरीर आणि ते चालवणारी यंत्रणा दोन्ही बरोबरच घडत गेली. अशा जीवाला देहधारी शब्द शोभतो.

उत्तर : ‘देहधारी’ मलाही पटला. पण मला ‘ओळखणे’ अपुरा वाटतो. ढीगभर व्हिडिओ दाखवून ‘हे धावणं, ही उडी’ अशी नावं लावायला शिकवलेली प्रणालीही कृती ओळखतेच. देहधारी प्राणी आधी स्वतःचे सांधे हलवून बघतो. कुठला किती वळवला की तोल जातो, कशाने अंग पुढे सरकतं, हे त्याच्या अंगवळणी पडतं आणि पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज त्याला बांधता येतो. मग समोरचा जीव हलला की ती हालचाल तो आपल्या अंदाजांशी ताडून पाहतो. ज्या कृतीचा अंदाज सर्वांत कमी चुकेल, ती समोरच्याची कृती. ‘ताडून पाहणे’ म्हणजे पडताळणे आणि ‘बेत ताडणे’ म्हणजे खुणांवरून मनातलं हेरणे. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात, म्हणून मी आग्रहाने ‘कृती ताडणे’ सुचवेन.

माणसांतही याला आधार आहे. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात बॅले नर्तकांना आणि ब्राझीलची कापोएरा ही नृत्यासारखी युद्धकला करणाऱ्यांना दोन्ही प्रकारच्या हालचाली दाखवल्या. ज्याने जी कला शिकली होती, तीच बघताना त्याच्या मेंदूतले हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले.

उत्तर : ‘ताडणे’ सुरेख आहे, पण सरसकट वापरू नका. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३मध्ये दाखवून दिलं की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे जेमतेम डझनभर दिवे हलताना दिसले, तरी बघणाऱ्याला चालणारा माणूस लगेच कळतो. तिथे ‘ओळखणे’च योग्य. पुढे काय घडणार याचा अंदाज येतो, तिथे ‘ताडणे’.

शिवाय चार पायांच्या प्राण्याने दोन पायांच्याची कृती ताडायची, तर आपला कुठला सांधा त्याच्या कुठल्या सांध्याशी जुळवायचा? या अडचणीला ‘कॉरस्पॉन्डन्स प्रॉब्लेम’ म्हणतात. टिपणात तिच्यासाठी ‘देहांची सांगड’ असं लिहावं, असं मला वाटतं.