आमच्या चाचणीत हेक्साक्रोम (विषारी सहा-संयुजी क्रोमियम) शून्य, बाहेरच्या लॅबमध्ये ०.४. चूक कुणाची?

हँगरवाला:
मंडळी, भोसरीत छोटं हार्ड क्रोम युनिट आहे (धातूच्या भागांवर क्रोमचा जाड थर चढवतो), ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण मीच बघतो. बीएस्सी केमिस्ट्री झालोय, बाकीचं हात पोळून शिकलो. रिन्सच्या, म्हणजे भाग धुतलेल्या पाण्यात मेटाबाय (सोडियम मेटाबायसल्फाइट) टाकलं की हेक्साक्रोमचं साधं क्रोम होतं, पिवळं पाणी हिरवट होतं. मग कॉस्टिक सोडा मारून निवळलेल्या पाण्याचा नमुना घेतो, त्यात गंधकाम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड (डीपीसी), हेक्साक्रोम असेल तर ते जांभळं होतं. जांभळ्या रंगाचा मागमूस नाही, रंग मोजायच्या यंत्रात ५४० नॅनोमीटरवर शून्य. त्याच बॅचचं पाणी लॅबला गेलं की ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर! मर्यादा ०.१ ची. सलग दोनदा झालं. शेठ म्हणतात लॅब बदल. डीपीसी ताजं आहे, तपकिरी बाटलीत ठेवतो.

जुना_केमिस्ट:
लॅब बदलू नका. मेटाबाय टाकताना पीएच किती असतो? २ ते २.५ हवा. ४ च्या आसपास क्रिया फार रेंगाळते. मग क्रोम आणि उरलेलं मेटाबाय एकाच पाण्यात शेजारी नांदतात. तुम्ही चाचणीसाठी आम्ल घातलं की ते मेटाबाय झटक्यात क्रोम खातं, डीपीसीच्या वाट्याला काही उरतच नाही. नमुना लॅबला पोचेपर्यंत हवेने मेटाबायचं सल्फाइट संपलेलं असतं, म्हणून त्यांना क्रोम सापडतं.
खात्री करा. १४१.४ मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १ मिली तुमच्या १०० मिली नमुन्यात घाला. ०.५ दिसायला हवं. दिसलं नाही, तर तुमचं शून्य खोटं.

हँगरवाला:
पट्टीवर तर २ च दिसतो, दादा.

रिन्सताई:
पिवळ्या पाण्यात पट्टीचा रंग वाचता? मीटर घ्या हो! आणि मुळात पाण्यात क्रोम जातंच किती ते बघा. लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड असलेल्या बाथमधलं (क्रोम चढवायच्या टाकीतलं) एक लिटर जॉबला, म्हणजे भागाला चिकटून रिन्समध्ये गेलं, तर ते मारायला साडेतीनशे ग्रॅमच्या वर मेटाबाय लागतं, वर स्लज (गाळ) वेगळा. आमच्याकडे जॉब टांगलेला हँगर बाथवर जास्त वेळ निथळू देतो, पहिल्या रिन्सचं पाणी बाथमध्ये भर घालायला वापरतो. कारागीर आधी कुरकुरले, खोटं कशाला बोला.

हँगरवाला:
दादा, डायक्रोमेट घातलं तरी नमुना पांढरास्वच्छ! मग लेकाच्या माशांच्या टाकीचा पंप आणून नव्या नमुन्यात रात्रभर हवा सोडली. सकाळी चाचणीत जांभळा, ०.३६. मीटर उसना आणला, टाकीत पीएच ४.१. गंधकाम्ल वाचवायला मार्चपासून मीच कमी टाकत होतो, शेठना अजून सांगितलेलं नाही.

जुना_केमिस्ट:
सांगा. आणि पंप परत द्या, मासे वाट बघत असतील.