गावी आई-बाबांसाठी लाकडी घर: सल्ला हवा आहे

ओटीवरची
नमस्कार मंडळी. गाव गुहागर तालुक्यात. बाबा ७८, आई ७३. जुनं घर चिऱ्याचं (जांभा दगडाचं), कौलारू. जोतं दोन फूट उंच, खोलीगणिक उंबरठा आणि न्हाणी पार मागच्या पडवीच्या टोकाला. शिमग्याच्या आधी बाबा रात्री न्हाणीकडे जाताना अडखळून पडले. मनगटावर निभावलं.
आता आगरात, म्हणजे घरामागच्या नारळी-पोफळीच्या बागेत, ५०० चौरस फुटांचं बैठं लाकडी घर बांधायचं मनात आहे. सिमेंट कमीत कमी, लाकूड शक्यतो आपलंच. सागाची सात-आठ झाडं आहेत, शिवाय पडका गोठा उतरवला तर ऐन-किंजळीचे वासे निघतील. पाइनच्या तयार घराचं एक कोटेशनही आलंय, फोटोत फारच गोड दिसतं. भाऊ म्हणतो, कोकणात लाकूड म्हणजे वाळवीला जेवणाचं आमंत्रण. तुम्ही काय कराल? आणि म्हाताऱ्या माणसांसाठी असं काय बघावं जे आम्हाला सुचत नाही?

चिरेखाण
भाऊ अर्धा बरोबर आहे. आमच्या शेजारी पर्यटकांसाठी पाइनच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. चौथ्या पावसाळ्यानंतर खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात शिरावा तसा गेला. खांब थेट काँक्रीटमध्ये रोवलेले, पागोळी जेमतेम वीतभर बाहेर. लाकडाचे पाय पाण्यात ठेवल्यावर दुसरं काय होणार?
आपल्या जुन्या घरांत खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर उभा असतो, उगाच नाही. जोतं चिऱ्याचं ठेवा, न्हाणी-संडास पूर्ण चिऱ्याचे. लाकूड त्याच्या वर. छप्पर निदान तीन फूट बाहेर काढा आणि पावसाच्या अंगाला झाप (विणलेल्या झावळ्या) लावायची सोय ठेवा. जोत्याच्या कडेला कपाटं, लाकडाचे ढीग टेकवू नका. वाळवी मातीची नळी करत चढते, ती दिसली पाहिजे. दिसली की मोडता येते.

रंधा_पटाशी
सागाबद्दल. झाड आपल्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते, १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे. माल हलवायला पासही लागतो. आधी ते बघा, मग सुताराला बोलवा. ताजा साग लगेच लावू नका. फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचा, वर्षभर तरी. नाहीतर पहिल्याच वैशाखात दारांना बोट जाईल एवढ्या फटी. आणि सागाला वाळवी लागत नाही हे फक्त गाभ्यापुरतं खरं. कडेचं पांढरं लाकूड ती आवडीने खाते.
गोठ्याचं लाकूड मात्र सोनं आहे. ते केव्हाच वाळून झालंय. हातोडी मारून बघा, टणक वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर चुलीला. कापायला देण्याआधी खिळे काढा, मिलवाला शिव्या घालतो. आतल्या कोरड्या भागाला टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पाजा. बाहेर उपयोग नाही, पावसात धुऊन जातं.

माईची_लेक
ताई, मी वेगळंच सांगते. आम्ही आईसाठी खोली बांधली तेव्हा सगळं लक्ष लाकडाच्या पॉलिशवर. श्रावणात न्हाणीचं दार फुगलं. दार आत उघडणारं. आई आत, दार घट्ट, आणि घरात फक्त माझे ८१ वर्षांचे बाबा. पाऊण तासाने शेजारचा मुलगा आला आणि खांद्याने दार उघडलं. आई तोपर्यंत बादली पालथी घालून तिच्यावर बसून रामरक्षा म्हणत होती. तर न्हाणीचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि कडी बाहेरूनही निघेल अशी. न्हाणीला लाकडी दार नकोच.
दारं तीन फुटांची मोकळी हवीत, आज वॉकर नसला तरी उद्या येतो. कमोडची बैठक १८ इंचांच्या आसपास. लाकडी सांगाड्याच्या भिंतीचा एक फायदा कुणी सांगत नाही: आतून फळी मारायच्या आधी कमरेच्या उंचीवर, उभ्या दांड्यांच्या मध्ये जाड आडवी फळी ठोकून ठेवा, पलंगापाशी आणि जायच्या-यायच्या वाटेवर. मग धरायचा दांडा कधीही, कुठेही स्क्रूने बसतो. आम्ही ठेवली नव्हती. दांडा प्लायवरच बसवला, आईने जोर दिला आणि तो हातात आला.
आणि पलंगापासून न्हाणीपर्यंत दिवा. वीज जाते हे धरून बॅटरीचा.

ओटीवरची
बापरे, दाराचं खरंच सुचलं नसतं. उंबरठ्याचं काय करू? आई रोज त्यावर हळदकुंकू वाहते. आणि उंबरठा नसला तर फुरसं, विंचू आत येतील ही तिची भीती. खोटी नाही ती.

माईची_लेक
उंबरठा गाडायचा. आमच्याकडे सागाची पट्टी फरशीच्या पातळीत बसवली आहे. दिसते, पाय अडकत नाही, हळदकुंकू तिच्यावरच. दाराच्या खालच्या कडेला रबरी झालर लावली की फट राहत नाही. ती दरवर्षी मृगाआधी तपासायची.

चिरेखाण
एक आगाऊ प्रश्न. नवीन घर हवंच कशाला? दोन फुटांच्या जोत्याला १:१२ उताराने २४ फूट रॅम्प लागेल, नव्या घराचं जोतंही पावसामुळे फार खाली घेता येणार नाही. आपली घरं डोंगर कापून बसवलेली असतात, त्यामुळे मागची जमीन पुढच्यापेक्षा उंच असते. मागच्या दाराशी किती पायऱ्या आहेत?

बांदावरचा
+१. सगळ्यात टिकाऊ घर म्हणजे जे आधीच उभं आहे. वाचनखूण साठवली.

ओटीवरची
काल भावाला मोजायला लावलं. मागच्या दाराशी एकच पायरी, सहा इंच! मागची पडवी २२ बाय ९ फूट आहे. सध्या तिथे नारळ आणि सायकल.

चिरेखाण
मग झालं की. सहा फुटांचा रॅम्प. पडवी गोठ्याच्या लाकडाने बंदिस्त करा, बाजूला चिऱ्याची न्हाणी काढा, वॉकर वळवायला आत पाच फूट मोकळे ठेवा. साग उभाच राहू दे. फक्त डोंगराच्या अंगाला खोल चर काढा, नाहीतर सगळं पाणी त्या दारातून येईल.

रंधा_पटाशी
जमिनीला लाकडी फळ्या टाकणार असाल तर खालून वारा खेळेल एवढी मोकळी जागा सोडा, जाळी लावून. माणूस पडलं तर फळी लादीपेक्षा थोडी नमते, पायालाही थंड लागत नाही. चकचकीत पॉलिश नको, नुसतं जवसाचं तेल.

ओटीवरची
पाइनवाल्यांना नाही कळवलं. भाऊ गोठा उतरवायला तयार आहे, मे संपायच्या आत. बाबांना सगळा आराखडा वाचून दाखवला. त्यांचा एकच प्रश्न: पडवीतला झोपाळा राहणार का?

माईची_लेक
ठेवा ना. फक्त बैठक खुर्चीच्या उंचीला घ्या आणि भिंतीला एक आकडा लावा. बसताना-उठताना झोपाळा त्यात अडकवायचा. बसलं की सोडायचा.