चार कोर हायत पण तीन रिकामे बसतात, काम कसं वाटून द्यावं? सल्ला पाहिजे

पऱ्हाटी_पायथन (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. गावातल्या शेतकरी गटासाठी पायथनमधे प्रोग्राम लिहिला हाय, मोबाईलच्या फोटोत कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या डोमकळ्या (अळीनं मिटवून टाकलेली फुलं) मोजते न ड्रोनच्या मोठ्या जोडचित्रात लाल्याचे (पानं लाल पडतात त्याचे) पट्टे शोधते. एका फेरीले १२०० फायली, त्यातले ११४० साधे फोटो, एकाले ४ सेकंद लागतात, न ६० ड्रोनवाले, एकाले दीड मिनिट. लॅपटॉप ४ कोरचा (चार कामं एकाच वक्ती करणारा), रॅम ८ जीबी. मल्टिप्रोसेसिंगचा चार वर्करचा (एकाच वक्ती चालणाऱ्या चार प्रक्रियांचा) पूल करून, यादी त्यायच्यात वाटून देणारा पूल.मॅप लावला. पहिले पंधरा-वीस मिनिटं चारही कोर पयतात, मग तीन गार पडतात न एकच घासत बसते, एकूण पावणेदोन तास. लाईनचा भरोसा नाही, बॅटरी दीड तासाच्या वर टिकत नाही, म्हणजे शेवटाले येऊन सगळं वाया. ८ कोरचं मशीन घ्यावं का? गट वर्गणी कराले तयार हाय पण सोयाबीनचे पैसे अजून कोणाच्या हातात नाही, म्हणून आधी इचारून घेतो.

धाम_काठची
मशीन आत्ता अजिबात घेऊ नकोस भाऊ. आधी सांग, ड्रोनच्या फायलींची नावं कशी आहेत?

पऱ्हाटी_पायथन
झेड_ड्रोन_०१, ०२ अशी. यादीत सगळ्यात शेवटी येतात ताई.

धाम_काठची
मग दुखणं तिथंच आहे. पूल.मॅपला चंकसाईझ (एका गठ्ठ्यात किती फायली) सांगितला नाही तर तो यादीचे वर्करच्या चौपट गठ्ठे पाडतो, तुझ्याकडे १६ गठ्ठे, प्रत्येकी ७५ फायली. तुझ्या साठच्या साठ मोठ्या फायली शेवटच्या एकाच गठ्ठ्यात गेल्या, आणि गठ्ठा ज्याने उचलला त्यानेच तो संपवायचा, दुसरा हात लावत नाही. म्हणजे एका कोरच्या बोकांडी ९१ मिनिटं, आधीची १५ धरली की तुझे पावणेदोन तास. आता ८ कोर घेतलेस तर गठ्ठे ३२ पडतील, ३८-३८ फायलींचे, आणि ३८ मोठ्या फायली परत एकाच गठ्ठ्यात, ५७ मिनिटं तिथंच, आधीची धरून तासाच्या वर. आणि सगळं काम मिळून आहे १६६ मिनिटांचं, चार कोरवर नीट वाटलं तर ४२ मिनिटांच्या आसपास व्हायला पाहिजे! आहे त्या लॅपटॉपवर!

पूल.मॅपऐवजी आयमॅप_अनऑर्डर्ड वापर (जो निकाल आधी तयार तो आधी देतो), चंकसाईझ १ ठेव, आणि यादी फाईलच्या साईझने लाव, मोठी आधी. गणिती रोनाल्ड ग्रॅहमने १९६६ मध्ये दाखवलं की जो रिकामा होईल त्याला यादीतलं पुढचं काम द्यायचं एवढं पाळलं तरी चार प्रोसेसरवर वेळ शक्य तितक्या कमी वेळेच्या १.७५ पटीच्या वर जात नाही, आणि १९६९ मध्ये दाखवलं की मोठं काम आधी लावलं तर ही हद्द १.२५ वर येते. कागदावर करून बघ, एक-एक मिनिटाची १२ कामं आणि ४ मिनिटांचं एक. मोठं शेवटी ठेवलं तर ७ मिनिटं, आधी ठेवलं तर ४.

कोरडवाहू_माणूस
ताई बरोबर बोलल्या. वेचणीचं पाय ना भाऊ. सकाळीच प्रत्येक बाईले ओळी मोजून दिल्या न एकीच्या वाट्याले फुटलेल्या कापसाची दाट पऱ्हाटी आली त बाकीच्या दुपारीच धुऱ्यावर बसतात. म्हणून आपल्याकडं जिची ओळ झाली ते पुढची धरते. न सगळ्याच ओळी धरून झाल्या का मोकळी झालेली बाई मागं राह्यलेलीच्या ओळीत समोरच्या टोकाकून शिरते, म्हणजे दोघींचा हात एकमेकीत येत नाही. एमआयटीत १९९० च्या दशकात सिल्क नावाची भाषा झाली, तिच्यातलं वर्क स्टीलिंग असंच चालते, ज्याची रांग हाय तो एका टोकाकून काम काढते न रिकामा प्रोसेसर दुसऱ्या टोकाकून उचलते, भांडण कमी होते. तुले याची गरज नाही, ४ सेकंदाचं काम म्हणजे चांगलं मोठं काम झालं, वाटून द्याचा खर्च त्याच्यात दिसतही नाही. कधी सी++ मधे ओपनएमपी (काम कोरवर वाटून द्याची सोय) लावला त शेड्यूल डायनॅमिक (रिकाम्याले पुढचं काम) लावून पायजो, काम सारखं नसलं का स्टॅटिक (आधीच वाटून ठेवलेलं) रडवते.

अजून एक, ओपनसीव्ही (चित्रं तपासाची लायब्ररी) असंल त ते स्वतःचे थ्रेड (एकाच वर्करच्या आत एकाच वक्ती चालणारी कामं) काढते. चार वर्कर न प्रत्येकाचे चार थ्रेड, चार कोरवर सोळा जण धक्काबुक्की करतात. वर्करमधे ते एकवर आण.

रात्रपाळी_आर्णी
थांबा, मोठं आधी लावलं त चार ड्रोनच्या फायली एकदम रॅममधे येतील. एक किती खाते?

पऱ्हाटी_पायथन
अडीच जीबीच्या आसपास.

रात्रपाळी_आर्णी
म्हणजे चार मिळून १०, तुह्याकडे ८. स्वॅप (रॅम भरली का तिच्या जागी हळू डिस्क वापरणं) सुरू झाला का ४२ मिनिटं इसरून जा. दोन पूल कर, दोन-दोन वर्करचे, दोन्ही एकाच वक्ती चालू. एकात फक्त ड्रोन, ४५ मिनिटं, दुसऱ्यात साधे फोटो, ३८ मिनिटं. थोडा वेळ दोन कोर रिकामे जातील, जाऊ दे.

न लाईनसाठी हे नक्की कर, प्रत्येक फाईलचा निकाल त्याच वक्ती डिस्कवर लिही, आधी तात्पुरत्या नावानं, मग नाव बदल, म्हणजे अर्धवट फाईल राहत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला का ज्याचा निकाल हाय ते सोडून दे.

मशीनचं म्हणशील त, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं १९९१ मधे परम ८००० हा महासंगणक केला तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरच्या चिपा एकमेकीले जोडूनच. त्याचे कर्तेधर्ते विजय भटकर आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. चिपा जोडल्या पण काम बरोबर नाही वाटलं त त्याही बसूनच राहणार.

पऱ्हाटी_पायथन
करून पायलं मंडळी. दोन पूल, ओपनसीव्ही एका थ्रेडवर, निकाल लगेच डिस्कवर. ४७ मिनिटं! मधात दहा मिनिटं लाईन गेली होती, बॅटरीवर चालूच राह्यलं. गटाले वर्गणी थांबवा म्हणून सांगतलं. ताई, तुमच्या त्या १२ न एक वाल्या कामाचं गणित पोरायले वहीत काढून दाखवलं, लगेच समजलं त्यायले. आता एकच इचारतो, पुढच्या फेरीले ड्रोनच्या फायली कापून छोट्या केल्या त दोन पूल ठेवू का एकच पुरंल?

धाम_काठची
कापल्या तर एकच पूल पुरेल, रॅमचा प्रश्न सुटतो. फक्त कापताना कडा थोड्या एकमेकांवर येऊ दे, नाहीतर शिवेवरचा लाल्याचा पट्टा दोन तुकड्यांत वाटला जाऊन दोनदा मोजला जाईल, आणि जोडताना तो कडेचा भाग एकदाच धर.