मदत हवी आहे: प्रोसेसर नव्वद अंशांवर जातोय, चालेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची. सध्या दुपारी खोलीतच ३६ अंश असतं.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये इंटेल कोअर आय५-१२४०० आहे, कूलर सोबत आलेलाच. नुसतं ब्राउझर उघडं असेल तर ५० अंश. पण मुलीने व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की दहा मिनिटांत ९०-९१. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे आणि तिथे पोचल्यावर तो आपणहून वेग कमी करतो, हे वाचलंय. म्हणजे लगेच जळणार नाही. पण रोज तीन-तीन तास नव्वदीत चालवणं बरं का? तिच्या कामाचं सगळं याच मशीनवर आहे, म्हणून जीव लागून राहतो.

रविवारी कॅबिनेट उघडलं. शेजारी बांधकाम चालू आहे. कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा राखाडी थर अक्षरशः गोधडीसारखा बसला होता. ब्रशने काढला, तरी चारच अंश उतरले, वरचे आकडे त्यानंतरचेच. बाजूचं झाकण काढून ठेवलं की मात्र आणखी सहा अंश कमी होतात. मला वाटतं, आत हवाच खेळत नाहीये. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा, दोघांमधला लेप) तीन वर्षांत बदललेली नाही.

आधी पेस्ट बदलू, मागे एक फॅन लावू, की सरळ टॉवर कूलर (प्रोसेसरवर बसणारा उंच, मोठा कूलर) घेऊ? पुण्याच्या उन्हाळ्यात तुमचे आकडे किती येतात, तेही सांगा.