जेट्टीखालचे बीम तडकलेत, हॅमर टेस्टवर सही करू का?

खाडीकाठचा: कोकणातल्या एका लहान बंदरात साइट इंजिनियर आहे. आरसीसी जेट्टी १९८०च्या दशकातली. वरून ठणठणीत, पण होडीनं खाली गेलो तर बीमच्या तळाला लांबच लांब भेगा, काही ठिकाणी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) गळून सळई उघडी. सल्लागारानं रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) मारला, आकडे चांगले आले म्हणून काँक्रीट उत्तम ठरवलं आणि पोपडे काढून गुनाइटिंग (दाबानं सिमेंट-वाळूचा लेप फवारणं) सुचवलं. वर क्रेन उभी करायचीय. सही करायला हात धजत नाही.

जुना धक्केवाला: नका करू. हॅमर फक्त पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो. कार्बोनेशन झालेलं (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेलं) जुनं काँक्रीट वरून जास्तच टणक होतं, त्यामुळे आकडा फुगतो. सळईचं काय झालंय ते त्याला कळत नाही, आणि तुमचं दुखणं सळईतच आहे. भेग सळईच्या रेषेत धावतेय ना? मग आत गंज फुगलाय. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, तोच कव्हर ढकलून पाडतो.

अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला ओहोटी खोल जाते, तेव्हा खाली जा. प्रत्येक बीमला, पाइल कॅपला (पाइल म्हणजे तळात रोवलेले खांब, त्यांच्या माथ्यावरचा ठोकळा) नंबर द्या, फोटो काढा, हातोडीनं ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते नकाशावर मांडा. हाफ-सेल (सळईचा विद्युतदाब मोजायची चाचणी) लावा: कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. पण कायम भिजलेल्या भागात प्राणवायूच नसतो, तिथं हाच आकडा फसवतो. म्हणून ड्रिलनं २५-२५ मिलिमीटरच्या थरांतली पावडर काढून क्लोराइड तपासा. मीठ सळईपर्यंत पोचलंय का, एवढंच विचारायचंय.

उघडी सळई घासून व्हर्नियरनं मोजा. क्रेनच्या आउटरिगरचा (बाजूला पसरणाऱ्या टेकूच्या पायांचा) भार त्या उरलेल्या व्यासावर तपासायचा. मूळ ड्रॉइंगवरचा व्यास धरून नाही! हे गणित होईपर्यंत क्रेन काठावर.

खाडीकाठचा: सर, मग गुनाइटिंग चुकीचं का?

जुना धक्केवाला: चुकीचं नाही, अर्धवट आहे. नुसते पोपडे पाडून लेप दिला की आजूबाजूचं खारं काँक्रीट तसंच राहतं. आधी गंजणारी सळई शेजारच्या भागाला वाचवत होती. ती बरी केली की गंज ठिगळाच्या कडेला सुरू होतो. दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळाभोवती नवी भेग, आणि पुन्हा टेंडर. (टेंडरवाल्यांची तक्रार नसते.) सळईच्या मागे बोट जाईल इतकं तोडा, कडेला जस्ताचे अॅनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बांधा.

पाइलवाली: पाइलला पोलादी लायनर (बाहेरचं नळीसारखं कवच) आहे का? असल्यास पाणबुड्याकडून कालवं खरवडून नीचतम ओहोटीच्या पट्ट्यात जाडी मोजून घ्या. त्या पट्ट्यात जिवाणूंमुळे पोलाद कधीकधी झपाट्यानं झिजतं. वरून रंग शाबूत दिसतो.

सळईबहाद्दर: नवा भाग जोडणार असाल तर स्टेनलेस सळईचा विचार करा. मेक्सिकोत प्रोग्रेसोचा धक्का १९४१ला पुरा झाला, स्टेनलेस घालून. अजून वापरात आहे. शेजारी साध्या सळईचा, नंतर बांधलेला धक्का केव्हाच मोडला.

जुना धक्केवाला: बरोबर, पण महाग. सगळीकडे कशाला, लाटांचे शिंतोडे उडतात तेवढ्या पट्ट्यातच घाला.

खाडीकाठचा: अहवाल परत पाठवतोय. क्लोराइड आणि हाफ-सेल मागितलंय, लायनरची जाडीपण. क्रेनवाल्याला अजून सांगायचंय.