मदत हवी आहे : द्राक्षाच्या फुलोऱ्यात पाऊस, डाऊनी (केवडा रोग) आणि ठिबकचं गणित

थॉमसन जातीची द्राक्षबाग, वेलींचं अंतर ९ × ५ फूट, काळी जमीन. गोडी छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) ३८ दिवस झाले, फुलोरा सुरू आहे. वेलीला ताशी ४ लिटरचे २ ड्रिपर. रोज २ तास म्हणजे १६ लिटर पाणी चालू होतं. परवाच्या पावसानंतर ठिबक बंद ठेवलंय. पण वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची) यायला काळ्या रानात किती दिवस धरावेत? वरचा थर सुकलेला दिसतो, ६ इंचांखालची माती मात्र मुठीत दाबली की गोळा होतो. मुळ्या गुदमरल्या तर फुलांची गळ वाढणार, आणि पाणी जास्त तोडलं तरी गळच!

पानांवर तेलकट डाग आहेत, खाली पांढरी बुरशी. म्हणजे डाऊनीच, भुरी नाही. डाग पडलेली पानं काढून बागेबाहेर जाळली, बगलफुटी (बाजूचे कोवळे फुटवे) काढून कॅनॉपी (पानांचा पसारा) मोकळी केली. सकाळी दव ९ वाजेपर्यंत टिकतं, खरी भीती त्याचीच. १ टक्का बोर्डो (मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर) फुलोऱ्यात नको, एवढं पक्कं.

मग मणी सेट होईपर्यंत कोणती फवारणी, किती अंतराने? निर्यातीचा माल आहे, पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) धरूनच सांगा. जमल्यास ड्रिपरचे तासही.